पुढचा ब्रेक

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला रोहिणी टेकडीच्या उतारावरून खाली आली ती थांबलीच नाही. थांबायची जागा ठरलेली होती. खालच्या बाभळीपाशी तिचा बाप कल्याण हातात मोबाईल धरून वेळ मोजत उभा होता. तिनं दोन्ही ब्रेक दाबलेले त्याला दिसले. सायकल डुकरासारखी किंचाळली, पण वेग काही कमी झाला नाही. पोर बापाच्या समोरून गेली, बांध ओलांडला आणि सायकलीसकट कुणाच्या तरी तुरीत जाऊन पडली.

आधी पोरीला उचलावं की आधी ओरडावं, हा प्रश्न कल्याणला कधी पडत नसे. तो ओरडला.

"ब्रेक कुठं गेल्ते? झोपली हुती का?"

"दाबले की पप्पा!" रोहिणी तुरीतूनच म्हणाली. तिचं कोपर सोलवटलं होतं. "दोन्ही दाबले. धरतच न्हाईत."

उद्या माणिकदौंडीकडच्या घाटात जिल्ह्याची निवड चाचणी होती. तीन किलोमीटरचा दगडागोट्यांचा उतार, वेळ लावून उतरायचा. पहिल्या दोन मुली पुण्याच्या शिबिराला जाणार होत्या. रोहिणीचं सतरा वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. उद्या संधी हुकली की हुकलीच. दोन वर्षं ती पहाटे उठून हीच टेकडी चढत होती आणि उतरत होती, आणि आता आदल्या दिवशी तिच्या सायकलीला ब्रेक नव्हता.

कल्याणनं पुढच्या ब्रेकचा दांडा दाबून पाहिला. कडक लागला. म्हणजे नळीत हवा शिरलेली नव्हती. हवा शिरली असती तर दांडा स्पंजासारखा आत गेला असता. पाथर्डीत असले ब्रेक समजणारा तो एकटाच मिस्त्री, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. या ब्रेकला तार नसते. दांडा दाबला की नळीतलं तेल पुढं सरकतं, ते चाकाजवळच्या दोन पॅडना ढकलतं, आणि ते पॅड चाकाच्या मध्यावर बसवलेल्या पोलादी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी चावतात. सगळं तेल आत, बंद नळीत. बाहेर डिस्कवर बोटाचा घामसुद्धा चालत नाही.

त्यानं रुमालाचं टोक डिस्कवरून फिरवलं. रुमालावर पिवळट डाग उमटला.

तेल. पुढच्या डिस्कला तेल, मागच्या डिस्कला तेल, आणि दाबून दाबून ते पॅडमध्ये पार मुरलेलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुमाल नाकाला लावून क्षणभर वास घेतला असता तर ते कुठल्या डब्यातलं तेल आहे हे त्याला तिथंच कळलं असतं. पण क्षणभर थांबणं या माणसाला जन्मात जमलेलं नव्हतं.

"बिभीषण," तो म्हणाला. दुसरं नाव त्याच्या डोक्यात आलंच नाही.

बिभीषणचं मोटारसायकलींचं गॅरेज कल्याणच्या सायकल दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडं. त्याची मुलगी दिशा रोहिणीच्याच वयाची, तिच्याच वर्गातली, आणि उद्याच्या चाचणीला तीही उतरणार होती. दोघींच्या सायकली एकाच दिवशी पुण्याहून आणलेल्या, ब्रेकसुद्धा एकाच बनावटीचे. काल खंडेनवमीला कल्याणच्या दुकानात हत्यारांची पूजा होती. पाने, पकडी, पंप, पत्र्याची कात्री आणि त्यांच्याशेजारी रोहिणीची सायकल, हँडलला झेंडूची माळ घालून. पूजेत मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, म्हणून सायकल कालचा सगळा दिवस तिथंच उभी होती. आणि प्रसादाला आलेला बिभीषण तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून काहीतरी बघत होता. कल्याणनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खटला इथंच संपला. आरोपी, पुरावा, निकाल, सगळं टेकडीवरून रस्त्यापर्यंत येईतो तयार.

बिभीषण गॅरेजच्या शटरला तोरण बांधत स्टुलावर उभा होता. सणाचा दिवस, रस्त्यावर झेंडूवाले, आपट्याच्या फांद्या घेऊन बसलेल्या बाया, नवे कपडे घातलेली पोरं. एवढ्या माणसांत कल्याणनं आवाज चढवला.

"उतर खाली! बायकांवानी लपूनछपून काय करतो? मर्दासारखा समोर ये की!"

बिभीषण सुतळी हातात धरूनच खाली उतरला. "काय झालं?"

"काय झालं इचारतो! डिस्कला तेल कोनी लावलं? काल चाकापाशी कोन बसलं हुतं? माजा बाप बसल्ता का?"

"मी बसल्तो. पॅड किती झिजलेत ते बघत हुतो. दिशाचे झिजायला लागलेत म्हनून. तेल-बिल मी कशाला लावू?"

"तुज्या पोरीचा नंबर लागावा म्हनून! दुसरं काय! उद्या घाटात माजी पोर दरीत गेली असती, मग तू पेढे वाटले असते!"

झेंडूवाल्यानं तागडी खाली ठेवली. गॅरेजच्या दारात आलेली दिशा आधी बापाकडं, मग सायकल घेऊन मागून आलेल्या रोहिणीकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. बिभीषणच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. हातातली सुतळी त्यानं मुठीत इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. पण तो एकच वाक्य बोलला.

"कल्याण, माज्या लेकीसमोर बोलला तू हे."

"बोललो! अजून बोलंन! साऱ्या पाथर्डीत..."

"त्यानं न्हाई लावलं," मागून आवाज आला. "मी लावलं."

कल्याणची आई झुंबरबाई रस्ता ओलांडून आली होती. सत्तरीची बाई, पाठीला थोडा बाक, पण आवाज खणखणीत. अठ्ठावीस हंगाम तिनं ऊस तोडला होता, कारखाना कुठला हे न विचारता. कल्याण लहान होता तेव्हा फडाच्या कडेला पाचटावर झोपायचा. त्यानं पुढं फडावर जाऊ नये म्हणून तिनंच त्याला सायकलच्या दुकानात कामाला लावला होता. आता तोड बंद झाली होती, पण तिचा कोयता अजून घरात होता. दर खंडेनवमीला ती तो धुवायची, तेल लावायची, पुसायची. घरातलं दुसरं लोखंडही तिच्याच ताब्यात: विळी, अडकित्ता, उलथनं, आणि दुकान झाल्यापासून दुकानातलं सगळं. लोखंड तेलाबिगर ठेवायचं नाही, हे तिच्या हाडात बसलेलं.

"तू?" कल्याण म्हणाला.

"व्हय. सगळ्याला लावलं, मग चकतीलाबी लावलं. करडीचं, घाण्याचं. सायकल रोज कुईकुई करती म्हनून सांध्यातबी दोन थेंब सोडले. चाक फिरवून बघितलं, कसं गुमान फिरलं. मग फडक्यानं पुसून घेतलं, पोरीच्या कापडाला डाग पडू ने म्हनून."

"तुला कोनी सांगितलं हुतं तेल लाव म्हनून? कोनी?"

"तूच की."

"मी?"

"मी तुला इचारलं, ह्या चकतीला तेल लावायचं का न्हाई. तू म्हनला, आये, ह्यो ब्रेक तेलावरच चालतो, तुला काय कळनार हाय त्यातलं, जा तिकडं."

कल्याणला आठवलं. अक्षर न अक्षर आठवलं. पूजा मांडायच्या आधी तो कुणाचा तरी गिअर लावत होता, स्प्रिंग हातातून सटकली होती, आणि नेमकी त्याच वेळी आई दारात येऊन विचारत होती. त्यानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. त्याहून शहाणा असेल तर समोरच्या बिभीषणची माफी मागतो. कल्याणला यातलं एकही सुचलं नाही. चूक आपली निघाली की त्याचा राग कमी होत नसे, दुप्पट होई, कारण आता तो कुणावर काढायचा हे ठरलेलं नसे. तो आईवर निघाला.

"अडानी ती अडानीच! कोयता हाय का त्यो तेल चोपडायला? पोर मेली असती माजी आज!"

झुंबरबाईनं रोहिणीच्या कोपराकडं पाहिलं. रक्त सुकून तिथं माती चिकटली होती.

"व्हय," ती म्हणाली. "मेली असती."

एवढं बोलून ती रस्ता ओलांडून परत गेली. बाया बघत होत्या, तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. कल्याणही वळला. बिभीषणकडं त्यानं पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, आणि हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो आणखी जोरात पाय आपटत गेला.

मग दुपारपर्यंत त्यानं लोखंडाशी भांडण केलं. डिस्क उतरवून स्पिरिटनं धुतल्या, एकदा, दोनदा, तीनदा, दर वेळी नवं फडकं. पॅड काढले, काचपेपरवर घासले. घासल्यावर खालून पुन्हा तेलकट काळपट थर वर आला. त्यानं ते चिमट्यात धरून गॅसवर तापवले. घरभर जळक्या तेलाचा धूर झाला, पुरणाचा वास त्यात बुडून गेला. बायको सुरेखा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती म्हणून बरं, नाहीतर तिनं सणासुदीला स्वयंपाकघरात हे चालू दिलं नसतं. पॅड बसवले, रोहिणी टेकडीवर गेली, खाली आली. मागचा ब्रेक कसाबसा धरू लागला होता. पुढचा किंचाळायचा आणि घसरायचा. उतारावर सगळी भिस्त पुढच्यावर असते. पुन्हा काढले, पुन्हा घासले, पुन्हा तापवले. पुन्हा तेच. एकदा तेल प्यायलेला पॅड ते सहजासहजी सोडत नाही, हे त्याला माहीत होतं. तो दुसऱ्या कुणाचा ब्रेक असता तर त्यानं पहिल्या खेपेलाच पॅड फेकून दिले असते. इथं फेकायला त्याच्याकडं दुसरे नव्हतेच. नवीन जोड आणून ठेवायचा, असं तो दोन महिने म्हणत होता.

नगरच्या तीन दुकानांना त्यानं फोन लावले. दोन लागलेच नाहीत. तिसरा म्हणाला, आज दसरा आहे, परवा या. कल्याणनं त्यालाही चार शब्द सुनावले आणि मोबाईल बाकावर आपटला.

"बिभीषणकाकांकडं जोड हाय," रोहिणी म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "दिशासाटी नवा मागवलाय. अजून बसवला न्हाई. आपल्याला बसतो त्यो."

"मग?"

"मग जावा. मागा."

"मी? त्याच्या दारात? मेलो तरी न्हाई जानार."

"मी कोनत्या तोंडानं जाऊ? तुमी बोललात, तुमीच जायचं."

"मला शिकवू नको!"

"शिकवत न्हाई. सांगते." रागात ती बापाचीच लेक होती, फक्त तिचा राग हळू आवाजात यायचा. "असल्या ब्रेकवर मी घाट उतरनार न्हाई. उद्या जात न्हाई मी. दोन वर्सं गेली पान्यात, जाऊ द्या. पन आज्जीला तुमी रस्त्यात अडानी म्हनला ना, तिचं काय चुकलं? तिनं इचारलं हुतं. ह्या घरात तुमाला कोनी कायबी इचारू शकत न्हाई. पॅड कसे काढायचे ते मी मोबाईलवर बघून शिकले, पप्पा. घरात मिस्त्री बाप असून मोबाईलवर."

कल्याणनं तोंड उघडलं. रोहिणी निघून गेली होती.

तो दुकानात बसून राहिला. गिऱ्हाईक नव्हतं, काम नव्हतं. आई घरात दिसत नव्हती. कुठं गेली हे त्यानं विचारलं नाही. समोर बिभीषणचं तोरण अर्धंच बांधलेलं लोंबत होतं, सकाळी सोडलं होतं तसंच. ते बघून त्याला चीड येत होती. बांधून टाकावं ना माणसानं! एवढं काय मनाला लावून घ्यायचं? चार शब्द जास्त गेले, रागात कुणाचे जात नाहीत? अशी त्यानं बरीच वकिली केली स्वतःची. पण दिशाचे भरलेले डोळे काही केल्या त्यात बसत नव्हते.

दिवस कलला तसा गावात शिलंगणाचा गलका सुरू झाला. माणसं आपट्याची पानं घेऊन घरोघर जाऊ लागली. दसऱ्याची ही एक सोय आहे. वर्षभर तोंड न बघितलेला माणूसही आज दारात आला तर त्याच्या हातात सोनं म्हणून पान ठेवावं लागतं, आणि त्याचं घ्यावं लागतं. कल्याणनं मूठभर पानं घेतली, दोनदा शर्ट झटकला आणि वीस पावलांचा रस्ता ओलांडायला बराच वेळ घेतला.

बिभीषण गॅरेजमागं आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. तो उठला नाही.

"सोनं घे," कल्याण म्हणाला.

बिभीषणनं हात पुढं केला, पान घेतलं. खिशातून आपलं एक पान काढून कल्याणच्या हातावर ठेवलं. "सन हाय म्हनून," तो म्हणाला.

कल्याणनं घरून वाक्य जुळवून आणलं होतं. सकाळी जास्त बोललो, पोरीच्या काळजीनं बोललो, जोड असला तर दे, परवा नवा आणून देतो. पण भर रस्त्यात एवढं घडाघडा बोलणारा माणूस चार भल्या शब्दांपुढं अडखळला.

"ते... पॅडचं..." तो शेवटी म्हणाला.

"दिले," बिभीषण म्हणाला.

"कवा? रोहिणीला?"

"तुज्या आईला. दुपारीच घेऊन गेल्या झुंबरमावशी."

"मी न्हाई पाठवलं तिला."

"ठावं हाय मला. तुला पाठवायला सुचलंच नसतं." बिभीषण आता उठून उभा राहिला होता, आणि सकाळपासून मुठीत आवळून धरलेलं आता त्याच्या आवाजात उतरलं. "माज्या पाया पडल्या त्या. मी हितं बसल्तो, त्या आल्या आन् सरळ वाकल्या. म्हनल्या, माज्या लेकाची जीभ मी धरू शकले न्हाई, पोरीचं नुकसान करू नको. सत्तर वर्सांची बाई, कल्याण. मला लहानपनी तिनं हातानं भाकर चारली. ती माज्या पाया पडली, तुज्या तोंडापायी."

गल्लीतून पोरं 'सोनं घ्या, सोनं घ्या' करत पळत गेली.

"तुला दिले नसते मी," बिभीषण म्हणाला. "खरं सांगतो. उद्या माज्या जीपमंदी दिशा जाईल, रोहिणी जाईल, मावशी यायच्या म्हनत असतील तर त्याबी येतील. तुला जागा न्हाई."

कल्याण परत निघाला. बिभीषणला दोन ठेवून द्याव्यात असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी बिभीषणनंच आपल्याला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या असंही वाटत होतं. आईचा तर त्याला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कुणी सांगितलं होतं पाया पडायला? कुणी सांगितलं होतं? मग त्यालाच कळलं की कुणी सांगितलं नव्हतं, कुणीतरी करायला हवं होतं, आणि ज्यानं करायला हवं होतं तो दुकानात बसून अर्ध्या तोरणावर चिडत होता.

दुकानाच्या मागच्या अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली होती. रोहिणी आणि झुंबरबाई चाकाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. नवे पॅड बसले होते. जुने बाजूला कागदावर पडले होते. त्याची चाहूल दोघींना लागली नाही.

"वीस खेपा टेकडीवरून उतरले आन् थांबवली, आज्जी," रोहिणी सांगत होती. "नव्या पॅडला असं हळूहळू बसवून घ्यावं लागतं. आता असा धरतो, मागचं चाक उचलतंय."

"आन् तेल?"

"तेल ह्या नळीत. ही बंद हाय, बघ. दांडा दाबला की तेल पॅडला आत ढकलतं. पॅड चकतीला घासतो म्हनून चाक थांबतं. चकती तेलकट झाली तर पॅड घसरनार. वल्या हातातून साबन निसटतो का न्हाई, तसं. म्हनून चकतीला बोटबी लावायचं न्हाई, कडंनं धरायचं."

म्हातारीनं डिस्कची कड दोन बोटांत जपून धरली, चाक थोडं फिरवलं, दुसऱ्या हातानं ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं. ती हसली.

"येवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.

"येवढंच, आज्जी."

"सोपं हाय की. मग ह्यो का न्हाई सांगत?"

कल्याणचा पाय पत्र्याला लागला. दोघींनी वळून पाहिलं, आणि झुंबरबाईनं चटकन हात चाकावरून मागं घेतला. घेतला आणि पदराखाली लपवला, काहीतरी मोडलं असल्यासारखा.

त्यानं हे असंच पाहिलं होतं, फार पूर्वी, फडावर. मोळी वाकडी बांधली म्हणून मुकादम ओरडला होता आणि त्याच्या आईनं हात असाच मागं घेतला होता. आठ वर्षांचा कल्याण पाचटावर बसून बघत होता, आणि त्या दिवशी त्याला त्या मुकादमाचा जीव घ्यावासा वाटला होता.

"चालू द्या," तो म्हणाला. जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणायचा त्याचा विचार होता. पण तो आवाज त्यानं कधी वापरलेलाच नव्हता, आणि तोंडातून निघाला तो हुकूमच.

रोहिणी पाना उचलून बोल्ट आवळू लागली. झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"च्या टाकते," ती म्हणाली आणि त्याच्याकडं न बघता आत गेली.